कमी कॅलरीच्या पिझ्झाचा बेस मधोमध ओला का राहतो?

फ्लॉवरचा, झुकिनीचा, बेसनाचा किंवा दह्यात भिजवलेल्या पिठाचा बेस केला की तक्रार बहुतेक वेळा एकच असते: कडा करपायला आल्या तरी मधला भाग ओलाच. तुकडा उचलायला जावं तर टोक लोंबतं, चीज घसरून ताटलीत येतं आणि शेवटी सगळं चमच्याने खावं लागतं. मग पुढच्या वेळी कुणी पीठ वाढवतं, कुणी चीज वाढवतं, कुणी दहा मिनिटं जास्त भाजतं. थोडा फरक पडतोही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी पुन्हा तोच लगदा समोर येतो.

कारण सरळ आहे. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ३६४ कॅलरी असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये २५ आणि झुकिनीत १७ च्या आसपास. हा फरक येतो कुठून? फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी असतं, झुकिनीत त्याहूनही थोडं जास्त. म्हणजे पिठाची जागा पाण्याने घेतली म्हणून कॅलरी कमी झाल्या. त्यात गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन, म्हणजे कणीक चिवट करणारं प्रथिन, या भाज्यांत नाही, त्यामुळे बेसला धरून ठेवणारी जाळीही नाही. ओलेपणा हा या बेसच्या रचनेतच आहे. तेव्हा एखादी हुकमी पाककृती शोधत बसण्यापेक्षा पाणी कुठून येतंय, कधी काढायचं आणि उरलेलं कशाने धरून ठेवायचं, एवढं कळलं की कुठल्याही पाककृतीतली चूक स्वतःची स्वतःला दिसते.

आधी ओल कुठली ते ओळखा

ओला पिझ्झा तीन तऱ्हांनी ओला होतो आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पिझ्झा बाहेर काढल्यावर पाचेक मिनिटं थांबा आणि उलथन्याने एक कड उचलून खालची बाजू बघा.

खालची बाजू फिकट आणि ओलसर आहे, बोटाने दाबल्यावर दाणे सुटे होतात, तर पाणी बेसच्या आतलंच आहे. भाजी नीट पिळली गेलेली नाही किंवा टॉपिंग घालण्याआधी बेस पुरेसा भाजलेला नाही.

खालची बाजू छान खरपूस आहे, पण सॉसच्या खालचा थर पचपचीत आहे, तर बेसचा काही दोष नाही. सॉस, चीज आणि वरच्या भाज्या यांनी घोटाळा केलाय.

ओव्हनमधून काढला तेव्हा सगळं ठीक होतं आणि दहा मिनिटांत मऊ पडलं, तर ती वाफ आहे. गरम पिझ्झा सपाट ताटात ठेवला की खालून निघणारी वाफ तिथेच अडकते आणि बेसमध्ये परत शिरते. जाळीवर काढून ठेवला की हा प्रश्न संपतो. तिन्हींतला सगळ्यात स्वस्त उपाय हा, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही हाच.

पाणी काढणं: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

फ्लॉवरच्या बेसबद्दल बोलू, कारण सर्वाधिक तक्रारी त्याच्याच असतात.

फ्लॉवर किसणीवर किसा किंवा मिक्सरला थांबत थांबत फिरवून तांदळाच्या दाण्याएवढा बारीक करा. पेस्ट होऊ देऊ नका. पेस्ट झाली की ती पिळताना पाण्याबरोबर फडक्याच्या छिद्रांतून बाहेर येते किंवा फडकं बुजवून टाकते आणि आतलं पाणी आतच राहतं. दाणा शाबूत असला की पाणी वाट काढतं.

कच्चा कीस पिळून फारसं काही निघत नाही, कारण पाणी पेशींच्या आत कोंडलेलं असतं. ते सुटायचं तर पेशी मोडाव्या लागतात, म्हणून आधी शिजवायचं. मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा, वरून पाणी न घालता. वाफवला तरी चालतो, पण वाफेत आणखी पाणी शिरतं, त्यामुळे मायक्रोवेव्ह किंवा कोरड्या कढईत परतणं बरं. कढईत परतताना झाकण ठेवायचं नाही. फार वेळ शिजवलात तर गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास येतो आणि पुढे चीज कितीही घातलं तरी लपत नाही.

मग किस ताटात पसरून हात लावता येईल इतका निववा. मलमलच्या किंवा पातळ सुती फडक्यात बांधा आणि पिळा. एकदा पिळून झालं असं वाटलं की पुरचुंडी सोडा, किस मोकळा करा, पुन्हा बांधून पुन्हा पिळा. दुसऱ्या पिळण्यात निघणारं पाणी पाहून बहुतेकांना नवल वाटतं. जाळीच्या गाळणीत चमच्याने दाबून हे काम होत नाही, कितीही जोर लावला तरी.

किती पिळायचं याला अंदाज नको, वजनकाटा हवा. ५०० ग्रॅम फ्लॉवर घेतला असेल तर शिजवून आणि पिळून त्यातलं दीडशे ते दोनशे ग्रॅम वजन कमी झालेलं दिसलं पाहिजे. पिळलेला किस मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि तळहात जेमतेम ओलसर लागावा. गोठवलेला, आयता किसलेला फ्लॉवर वापरत असाल तर तो पूर्ण वितळू द्या. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फोडलेल्या असतात, त्यामुळे पाणी भराभर सुटतं. मात्र अर्धवट वितळलेला किस पिळला तर उरलेला बर्फ ओव्हनमध्ये वितळतो आणि मग मधोमध तळं.

झुकिनीचं गणित थोडं वेगळं. तिला आधी शिजवायची गरज नाही, मीठ पुरतं. किसाच्या वजनाच्या एक टक्का मीठ, म्हणजे ४०० ग्रॅमला ४ ग्रॅम, चोळून अर्धा तास चाळणीत ठेवा आणि मग वरच्यासारखंच दोनदा पिळा. मीठ पाणी बाहेर खेचून घेतं. त्यातलं थोडं मीठ किसातच राहतं, म्हणून बेसच्या मिश्रणात वेगळं मीठ घालू नका. चीजही खारट असतंच.

धरून ठेवण्यासाठी काय घालायचं, आणि किती

बेस मोडतो म्हटलं की सल्ला मिळतो: आणखी एक अंडं घाला, आणखी चीज घाला, बदामाचं पीठ घाला. याने बेस मोडत नाही हे खरं. पण जरा हिशेब करू.

५०० ग्रॅम फ्लॉवर म्हणजे १२५ कॅलरी. दोन अंडी १४०. १०० ग्रॅम मोझरेला सुमारे ३००. ५० ग्रॅम बदामाचं पीठ आणखी तीनशेच्या घरात. बेरीज साडेआठशेच्या वर जाते, आणि अजून सॉस लावलेला नाही, वरचं चीज घातलेलं नाही. याउलट मैद्याच्या एका मध्यम पातळ पिझ्झाला १५० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे साधारण ५४५ कॅलरी. असा 'हलका' बेस करण्यात दोन तास घालवण्यापेक्षा मैद्याचा पातळ पिझ्झा करून निम्मा खावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्लुटेन चालत नाही म्हणून किंवा कर्बोदकं कमी करायची म्हणून कुणी बदामाचं पीठ वापरत असेल तर गोष्ट वेगळी. पण कॅलरी कमी करायला ते उपयोगाचं नाही.

नीट पिळलेल्या ५०० ग्रॅम फ्लॉवरला एक अंडं, ३० ग्रॅम बारीक किसलेलं कडक जुनं चीज (पार्मेझानसारखं) आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाचं पीठ पुरतं. सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. कडक चीज अशासाठी की त्यात पाणी कमी आणि चव जास्त, त्यामुळे थोडक्यात भागतं. बेसमध्ये ताजं मऊ मोझरेला घालणं म्हणजे पिळून काढलेलं पाणी परत ओतणं.

इथे एक गोष्ट फार कामाची आहे: इसबगोल. एक लहान चमचा इसबगोल मिश्रणात घालून दहा मिनिटं थांबलं की उरलीसुरली ओल ते शोषून घेतं आणि त्याचा चिकट गर बेसला धरून ठेवतो. जास्त घातलं तर बेस रबरासारखा होतो, म्हणून हात आवरता घ्यायचा. अंडं नको असेल तर इसबगोल दोन लहान चमचे आणि कॉर्नफ्लोअर दुप्पट करा. बेस होतो, पण अंड्याच्या बेसइतका कणखर नाही, आणि तो सुरी-काट्यानेच खावा लागतो. उगाच कुणी काही म्हणो.

नारळाच्या पिठाबद्दल विचारणा होते. ते पाणी प्रचंड शोषतं हे खरं, पण बेस भुसभुशीत होतो आणि टोमॅटोशी त्याचा गोडसर स्वाद काही जुळत नाही. मी ते सुचवणार नाही.

भाजणं

ओव्हनमध्ये काय घडतं ते समजलं की वेळ आणि तापमान आपोआप समजतं. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि खरपूस रंग व चव येणारी प्रक्रिया नीट सुरू होते ती १४० अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पाणी उडालं पाहिजे, मग रंग. पाणी उडवणं हे ओव्हनला जड काम आहे: एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याच एका ग्रॅमची वाफ करायला लागते. फडक्यात दोन मिनिटांत निघणारं पाणी ओव्हनने काढायचं म्हटलं तर मधला भाग सुकेपर्यंत कडांचा कोळसा होतो.

म्हणून बेस नेहमी दोनदा भाजायचा. पहिल्यांदा नुसता, टॉपिंगशिवाय. मिश्रण बेकिंग पेपरवर ५ ते ६ मिलिमीटर जाडीचं थापा. याहून पातळ केलं तर मोडतं, जाड केलं तर आतून शिजत नाही. सवयीने मधे जाड आणि कडेला पातळ थापलं जातं. नेमकं उलटं हवं, कारण कडा आधी भाजतात. बोटांनी कड आत ढकलून थोडी उंच करा आणि मधला भाग ओल्या तळहाताने सपाट करा.

ओव्हन २२० अंशांवर तापवा आणि त्यातच जाड ट्रे किंवा पिझ्झा स्टोन खालच्या कप्प्यात ठेवून तापू द्या. ट्रेला वीस मिनिटं पुरतात, दगडाला पाऊण तास लागतो. बेस कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवा. थंड ट्रेवर ठेवून आत घातला तर पहिली काही मिनिटं ट्रेच तापण्यात जातात आणि तोवर बेस स्वतःच्याच वाफेत शिजत राहतो. वीस ते पंचवीस मिनिटांत वरून ठिकठिकाणी तपकिरी ठिपके दिसतात आणि कड कागदापासून सुटते. मग वर दुसरा कागद ठेवून, ताट उपडं लावून बेस उलटा करा आणि दुसरी बाजू पाच-आठ मिनिटं भाजा. उलटण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मधोमध ओल राहण्याचं निम्मं कारण तेच असतं.

पंख्याचा पर्याय असेल तर पहिल्या भाजणीला लावा, वाफ लवकर निघून जाते. फक्त तापमान २० अंश कमी करा. पाककृतीतल्या वेळा तुमच्याकडे जुळतच नसतील तर आत एक साधा ओव्हन थर्मामीटर ठेवून बघा. घरगुती ओव्हनच्या बटणावर लिहिलेलं आणि आतलं तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे.

टॉपिंग घातल्यावरची दुसरी भाजणी सहा ते आठ मिनिटांची, चीज वितळून बुडबुडे येईपर्यंतच. इथे तापमान वाढवायचं असेल तर कागद काढून टाका. बेकिंग पेपर साधारण २२० ते २३० अंशांपर्यंतच सुरक्षित असतो, नेमका आकडा खोक्यावर असतो.

कागदाचा विषय निघालाच आहे तर: बेस कागदाला घट्ट चिकटून बसत असेल तर तो मेणाचा लेप असलेला कागद आहे का ते तपासा. तसा कागद ओव्हनसाठी नसतोच, मेण वितळून बेसमध्ये मुरतं. सिलिकॉनचा लेप असलेला हवा. अॅल्युमिनियम फॉइलवर हे बेस हमखास चिकटतात, तेल लावलं तरीही. आणि कागद बरोबर असून चिकटत असेल तर बेस अजून ओला आहे एवढंच. आणखी चार मिनिटं ठेवा, आपोआप सुटेल.

वरून येणारं पाणी

बेस उत्तम जमूनही पिझ्झा ओला होतो तो इथे. ताज्या टोमॅटोचा सॉस जवळजवळ सगळा पाणीच असतो. तो कढईत आटवून इतका घट्ट करा की चमच्याने ओढलेली रेघ भरून येणार नाही. वेळ नसेल तर टोमॅटो पेस्टमध्ये चमचाभर पाणी, लसूण आणि ओरेगॅनो मिसळून काम भागतं. २५ सेंटिमीटरच्या बेसला तीन मोठे चमचे पुरे. कमी वाटतो, पण पुरतो.

पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला वापरणार असाल तर तुकडे करून अर्धा तास टिपकागदावर निथळू द्या. कमी ओलाव्याचं, किसता येणारं मोझरेला जास्त सोयीचं. ६० ग्रॅम घेतलंत तर १८० कॅलरी. कमी चरबीचं चीज घेतलं की वेगळीच तक्रार येते: वितळत नाही, वर वातड साल धरतं. चरबी नसल्यामुळे ते पसरायच्या आतच सुकतं. अगदी बारीक किसा आणि शेवटच्या चार मिनिटांतच घाला. मला विचाराल तर नेहमीचं चीज कमी घालावं. खाताना चीज कुठे आहे ते तरी कळतं.

मश्रूम, सिमला मिरची, कांदा, पालक: एकही कच्चं घालू नका. कोरड्या गरम तव्यावर परतून पाणी उडवा आणि मगच वर पसरा. मश्रूमचं पाणी सुटतं, तव्यात साचतं आणि मग आटतं. ते आटून मश्रूमच्या कडा तपकिरी व्हायला लागेपर्यंत थांबा. रॉकेट, बेसिल वगैरे कोवळी पानं पिझ्झा बाहेर काढल्यावर. आणि तेल शेवटी बाटलीतून ओतू नका: एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. ब्रशने लावलं तर लहान चमच्यात भागतं.

बाकीच्या बेसच्या तक्रारी

बेसनाच्या बेसची तक्रार ओलेपणाची कमी आणि कच्चट चवीची जास्त. आधी हे सांगितलं पाहिजे की बेसनात कॅलरी मैद्यापेक्षा कमी नाहीत, १०० ग्रॅमला ३८७ च्या आसपास. फायदा असा की त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर, त्यामुळे ७५ ग्रॅमच्या बेसने पोट भरतं. इटली आणि दक्षिण फ्रान्समध्ये फारिनाता आणि सोक्का या नावांनी हे पातळ बेसनाचे बेस पूर्वापार भाजले जातात, आणि तिथली महत्त्वाची पायरी म्हणजे पीठ भिजवून ठेवणं. निदान अर्धा तास, जमल्यास दोन-तीन तास. ७५ ग्रॅम बेसनाला साधारण १५० मिलिलिटर पाणी; पीठ सरसरीत हवं, गुठळी नको. बिडाचा तवा कडक तापवून, जरासं तेल लावून ओता, खालची बाजू सोनेरी झाली की उलटा आणि मगच टॉपिंग घालून ओव्हनमध्ये. कच्चट लागत असेल तर थर जाड झालाय किंवा पीठ भिजलेलं नाही, तिसरं कारण सहसा नसतं.

दही आणि सेल्फ रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा) समप्रमाणात घेऊन केलेली कणीक फार चिकट होते ती दह्यातल्या पाण्यामुळे. दही फडक्यात तासभर टांगून ठेवा, मग मोजा. कणीक मळून ठेवून देऊ नका. आंबट दह्याशी गाठ पडताच बेकिंग पावडर काम सुरू करते आणि उशीर झाला तर बेस चिवट व दडस होतो. मळा, लाटा, लगेच भाजा.

वांग्याच्या चकत्या सेंटिमीटरभर जाड हव्यात. वांगं तेल पिऊन घेतं, म्हणून आधी मायक्रोवेव्हमध्ये टिपकागदावर तीन-चार मिनिटं ठेवून त्याचा स्पंज बसवा, मग तेलाचा हलका हात. मोठ्या मश्रूमच्या टोप्या आधी उपड्या भाजा म्हणजे सुटलेलं पाणी गळून जाईल. उताण्या भाजल्यात तर वाटीत साचेल.

टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पद्धतीची पातळ पोळी, हा सगळ्यात बिनडोकेदुखीचा पर्याय. २० सेंटिमीटरच्या एका टॉर्टियात साधारण १५० कॅलरी. नुसता तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक करून घ्या, सॉस जेमतेम लावा, चीज घाला, पाच मिनिटांत तयार.

उरलेला पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पुन्हा लगदा होईल. झाकण न ठेवता मंद आचेवरच्या तव्यावर ठेवा. फ्लॉवरचे बेस एकदम तीन-चार भाजून, पूर्ण निववून, मधे कागद घालून गोठवले तर पुढच्या वेळी पिळण्याची कटकट वाचते. गोठवलेला बेस वितळवत बसायचं नाही, तसाच तापलेल्या ट्रेवर पाच मिनिटं ठेवून मग टॉपिंग घालायचं.